किड्यांसाठी पाच ओळी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं (मोतीबिंदू, दुसरं काही नाही, काळजी नको), त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. आज पुन्हा लिहायला बसले ती चिलटांमुळे. हसू नका. केळ्यांवर घोंघावणारी आपली साधी चिलटं.

श्रावणातले शेवटचे दिवस होते. आमच्या जुन्या शहरात त्या दिवसांत काय गडबड असते ते अकोल्याच्या मंडळींना सांगायला नको. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, रात्रभर ढोल वाजतात, झोप कुणालाच नसते. त्यासाठीच पुण्याहून नात आली होती. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सकाळी मी टेबलावरच्या केळ्यांवरची चिलटं फडक्याने मारायला गेले तर ही ओरडली, "थांब आजी, मारू नको!" मला वाटलं अहिंसा वगैरे काही नवीन सुरू झालं की काय. पण तिने पिशवीतून एक काचेची बाटली काढली, तळाशी कुस्करलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट घातलं, आणि बाटली केळ्यांजवळ ठेवली. तासाभरात वीस-पंचवीस चिलटं आत. वरून कापसाचा बोळा.

"ही एक आपल्या स्वयंपाकघरातली," ती म्हणाली. "दुसरी मामाआजोबांच्या संत्र्याच्या बगिच्यातली घेणार, आणि तिसरी चिखलदऱ्याची."

मी म्हटलं, "अगं, चिलट ते चिलट. जुन्या शहरातलं काय आणि चिखलदऱ्याचं काय! काय फरक असणार?"

"आजी, तेच तर बघायचं आहे."

तिच्या बाटल्यांचा निकाल अजून यायचा आहे, त्यामुळे त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पण त्या दोन-तीन दिवसांत तिने मला जे सांगितलं, आणि नंतर मी तिच्याच मदतीने जे वाचलं, त्याने माझी एक जुनी चूक माझ्यासमोर आणून उभी केली. ती सांगण्यासाठी हा लेख. आमचं शिक्षण मराठी माध्यमातलं बी.ए., विज्ञान मॅट्रिकपुरतं. तेव्हा कुठे चुकले तर विज्ञानवाल्या भाचे-पुतण्यांनी बिनधास्त सांगावं.

तर आधी चिलटांविषयी. या माशीचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. पेरू-आंब्यात अंडी घालून अळ्या करणारी फळमाशी वेगळी, त्या दोघींची गल्लत करायची नाही (मी केली आणि बोलणी खाल्ली). ड्रोसोफिला पिकलेल्या, आंबलेल्या फळांवरची. अंड्यापासून माशी व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासाला फार सोयीची. अमेरिकेत मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर पाहिला आणि त्यावरून गुण गुणसूत्रांवर कसे बसलेले असतात याचा उलगडा करत नेला. त्याला १९३३ चं नोबेल मिळालं. हे सगळं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये.

पण बाटलीतली माशी आणि रानातली माशी यांत फरक. दोब्झान्स्की नावाचे मूळचे रशियन साम्राज्यातले शास्त्रज्ञ अमेरिकेत मॉर्गनकडे आले आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत माशा धरत फिरले. त्यांना दिसलं की वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या माशांच्या गुणसूत्रांची मांडणी वेगवेगळी असते. डोंगराच्या पायथ्याशी एका मांडणीच्या माशा जास्त, वर चढत गेलं की दुसऱ्या मांडणीच्या. इतकंच नाही, एकाच जागी वसंतात एक प्रमाण आणि उन्हाळ्यात दुसरं. म्हणजे ऋतू बदलला की त्या वस्तीतली कोण जगतं, कोण मागे पडतं हेही बदलतं.

आपल्या देशातही हे काम झालं आहे, आणि ते वाचून मला जास्त आनंद झाला. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात रवि प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत ठिकठिकाणच्या माशा गोळा केल्या. उत्तरेकडच्या माशा कोरड्या हवेत जास्त वेळ टिकतात, दक्षिणेकडच्या माशा उपाशी जास्त दिवस काढतात. उंच डोंगरावरच्या माशांचा रंग सखलातल्यांपेक्षा गडद, आणि त्यांच्या अंगातलं पाणीही सावकाश उडतं. बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह यांनी दुसऱ्या एका उष्ण प्रदेशातल्या जातीवर अनेक वर्षं काम केलं आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या माशांच्या गुणसूत्रांत फरक दाखवले. इस्रायलमध्ये कार्मेल डोंगरात तर एक दरी आहे, तिचे दोन उतार तळाशी जेमतेम शंभर मीटरवर. एक उतार उन्हाने भाजलेला, समोरचा सावलीचा, हिरवा. उन्हाच्या उताराकडच्या माशा जास्त गरम जागी अंडी घालणं पसंत करतात असं तिथल्या संशोधकांना आढळलं. (त्या माशा जनुकांच्या पातळीवर खरोखर किती वेगळ्या, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. माशी शंभर मीटर उडू शकते, मग फरक टिकतो कसा? प्रश्न रास्त आहे.)

आमच्या अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. चिलटांच्या एका नेहमीच्या जातीत तर तिशीच्या आसपासच्या तापमानात वाढलेले नर वांझ निघतात. उष्ण प्रदेशातल्या वस्त्यांत ही मर्यादा किंचित, एखाद्या अंशाने, वर असते. तो एक अंश म्हणजे वंश टिकणं की बुडणं. आणि तो अंश कुणी आयत्या वेळी तयार करत नाही. वस्तीत काही माशा आधीपासून थोड्या वेगळ्या असतात, एवढंच. संकट येईपर्यंत तो वेगळेपणा कुणाला दिसतही नाही.

हे ऐकून मी नातीला शिक्षकी पेशाला शोभेल असा प्रश्न विचारला, "ठीक आहे, पण याचा आपल्याला उपयोग काय?"

ती म्हणाली, "मामाआजोबांना विचार. त्यांच्या पऱ्हाटीत बोंडअळीने हेच केलं."

आणि मला ते पाकीट आठवलं.

माझं माहेर अकोट तालुक्यातलं. धाकटा भाऊ शेती करतो, आठ एकर, त्यातला थोडा संत्र्याचा बगिचा आणि बाकी कापूस-तूर. २००८ सालची गोष्ट असेल. मृगाच्या तोंडावर मी माहेरी गेले होते. भावाने बीटी कापसाच्या पिशव्या आणल्या होत्या. प्रत्येक साडेचारशे ग्रॅमच्या पिशवीसोबत एकशेवीस ग्रॅमचं एक वेगळं छोटं पाकीट. सोबत घडी घातलेला कागद, त्यावर चार-पाच भाषांत मुंगीसारखी अक्षरं. भाऊ म्हणाला, "ताई, वाच बरं, काय म्हणते थे."

मी चष्मा लावून वाचलं. छोट्या पाकिटातलं बी बिगर-बीटी कापसाचं आहे. ते शेताच्या चारी बाजूंनी किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तितकं लावावं. अशा कपाशीला आश्रय पीक म्हणतात.

"म्हंजे या पाच तासायले अळी लागन?" भावाने विचारलं. (शेतातल्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात.)

मी म्हटलं, "हो, लागेल असंच दिसतं."

"मंग मी अळ्यायसाठी काहून पेरू? मी काय अळ्यायचा मामा आहो का?"

सगळे हसले. मीही हसले. त्याच्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं. कुणाला तरी विचारून सांगते, असंही मी म्हटलं नाही. चौतीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई मी. मी म्हटलं, "राहू दे मग. ठेव तिकडे माळ्यावर." मोठ्या बहिणीने, तेही शिकवणाऱ्या बहिणीने सांगितलं म्हणजे झालं. ती पाकिटं माळ्यावर गेली. पुढच्या वर्षीचीही गेली. गावात बहुतेकांची अशीच कुठे ना कुठे गेली.

आता त्या पाच ओळींमागचं कारण सांगते. तेव्हा सांगायला हवं होतं ते आता.

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. त्याचं एक प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं की आतड्याला चिकटतं आणि अळी मरते. माणसाला, गुराला त्याची बाधा होत नाही. त्या जिवाणूचं जनुक कापसात घातलं म्हणजे बीटी कापूस. भारतात त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं. पहिली काही वर्षं दिलासा खरा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधी नव्वदच्या दशकात फवारण्या करूनही अळी मरेना, कर्ज वाढत गेलं, आणि त्यानंतर विदर्भात जे झालं ते मी पुन्हा लिहीत नाही.

पण लाखो अळ्यांत एखादीच्या आतड्याची घडण थोडी वेगळी असते. प्रथिन तिथे चिकटतच नाही. ही अळी बीटीने निर्माण केलेली नाही. ती आधीपासून होती, उन्हाळा सोसणाऱ्या त्या माशीसारखी. बीटी कापूस येईपर्यंत तिच्या वेगळेपणाला किंमत नव्हती, इतकंच. आता मात्र सगळ्या शेतात फक्त तीच वाचते. तिचं लग्न कुणाशी लागणार? आजूबाजूला दुसरी वाचलेली असेल तिच्याशीच. मग पोरंही तशीच.

पाच ओळी इथे कामाला येतात. बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या वाढतात, त्यांचे साधे पतंग होतात, हजारोंनी. शेतातून वाचलेला एखादा प्रतिकारक पतंग या साध्या पतंगांच्या गर्दीत सापडतो आणि त्याचं लग्न साध्याशी होतं. बीटीला न जुमानण्याचा हा गुण बहुधा आई आणि बाप दोघांकडून आला तरच चालतो. एकाकडूनच आला तर पोरं बीटी खाऊन मरतात. म्हणजे ज्या दुबळ्या अळ्यांना भाऊ फुकट पोसायला तयार नव्हता, त्याच दुबळ्या अळ्या त्याच्या शेताची राखण करणार होत्या! एवढं वाक्य जर मला त्या दिवशी सांगता आलं असतं.

यात एक गोष्ट मला विशेष वाटली. कापसावर हिरवी बोंडअळीही येते. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. तिच्या वाट्याला अनेक प्रकारची राहण्याची ठिकाणं. त्यामुळे बीटी न खाता वाढलेल्या साध्या अळ्या तुरीत, हरभऱ्यात आपोआप तयार होत राहिल्या, आणि बीटीपुढे ही अळी आपल्याकडे बऱ्याच अंशी नमलेली राहिली. गुलाबी अळीचं तसं नाही. (आमच्या लहानपणी हिला शेंदरी म्हणायचे.) ती जवळपास कापसावरच जगते. तिचं सगळं जग म्हणजे पऱ्हाटी. आणि आपण काय केलं? वऱ्हाडापासून गुजरातपर्यंत तिच्या जगातला प्रत्येक कोपरा एकसारखा करून टाकला. सगळीकडे बीटी. तिला पळायला जागा नाही असं आपल्याला वाटलं. प्रत्यक्षात पळायला जागा नव्हती ती साध्या अळीला. प्रतिकारक अळीला तर रान मोकळंच मिळालं.

वर आणखी भर. आपले संकरित वाण लांब मुदतीचे. दिवाळीनंतर पाणी असलं की फरदड ठेवायची, फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस वेचायचा. अळीला वर्षभर जेवण. तेव्हा सगळा दोष एकट्या पाकिटाचा होता असं मी म्हणत नाही. पण पाकीट हे आपल्या हातात होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गुजरातेत काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला जुमानत नाही हे २०१० मध्ये जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमारास दोन प्रथिनांचा कापूसही ती पचवू लागली. २०१४ मध्ये एक शोधनिबंध आला, तो नातीने मला समजावून सांगितला. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या प्रतिकारक अळ्यांत आतड्याच्या त्या एकाच जनुकाची आठ वेगवेगळी बिघडलेली रूपं सापडली. आठ! म्हणजे अळीकडे एक पळवाट नव्हती, एकाच कुलपावर आठ तऱ्हा होत्या. आपल्या शेतातली विविधता आपण कमी करत गेलो आणि अळीने स्वतःची जपून ठेवली, असं मला ते ऐकताना वाटलं.

आणि २०१७ आलं. त्या हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलं असेल. आमच्या भावाकडे माणसं वाचली, कापूस गेला. नोव्हेंबरच्या अखेरीस मी गेले तेव्हा झाडं वरून हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. भावाने एक बोंड तोडून माझ्या हातावर फोडलं. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून कवडी झालेला. दुसरं फोडलं, तेच. तिसरं फोडलं, तेच. तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी त्याने उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला.

दर राखीला ओवाळणी घालणारा, भाऊबीजेला साडी आणणारा माझा भाऊ त्या डिसेंबरात माझ्याकडे आला. भाचीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, फी भरायची होती. बाहेरच्या खोलीत बसून त्याने आधी पावसाचं विचारलं, मग माझ्या गुडघ्याचं, मग चहा घेतला, मग पुन्हा पावसाचं विचारलं. डिसेंबरात! मला समजलं. मी आत जाऊन पेन्शनच्या पैशांतून काढून आणले. त्याने ते मोजले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या दोन वर्षांत परत केले, पण तो बाहेरच्या खोलीतला अर्धा तास मी विसरू शकत नाही.

आमच्या त्या पाकिटांनी काही वाचलं असतं का? एकट्या भावाच्या पाच ओळींनी नाही, हे मला कळतं. पतंग धुरा ओळखत नाही. पण गावोगाव असाच एकेक शहाणा बसला होता, "राहू दे माळ्यावर" म्हणणारा. त्यांतली एक मी.

हे जमू शकतं का, असं कुणी विचारेल. जमलेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनात बीटी कापूस १९९६ मध्ये आला. तिथल्या शेतकऱ्यांनी आश्रय पीक इमानाने लावलं, आणि दहा वर्षं गुलाबी अळी बीटीपुढे नमून राहिली. पुढे २००६ पासून त्यांनी विमानातून वांझ पतंग सोडले, म्हणजे साध्या पतंगांची गर्दी आकाशातूनच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं सरकारने जाहीर केलं. ज्या वर्षाच्या आसपास आमचा भाऊ रोटाव्हेटर घालत होता त्याच सुमारास.

"ते अमेरिकेतले मोठे शेतकरी, त्यांना परवडतं," असं तुम्ही म्हणाल. मान्य. म्हणून चीनचं उदाहरण जास्त जवळचं. यांगत्से नदीच्या खोऱ्यातले छोटे शेतकरी संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बी पेरू लागले. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचा तीनास एक हा नियम आठवतो ना? त्या नियमाने दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड बिगर-बीटी निघतं. म्हणजे आश्रय पीक आपोआप शेतातच मिसळलं गेलं. कुणाला पाच ओळी वेगळ्या लावायला सांगाव्या लागल्या नाहीत. २०१७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अळीची वाढू लागलेली प्रतिकारशक्ती मागे हटली.

आपल्याकडेही आता बिगर-बीटी बी त्याच पिशवीत मिसळून देतात, पाच ते दहा टक्के. चांगलंच आहे, पण घोडं गेल्यावर तबेल्याला कडी घातल्यासारखं झालं आहे. प्रतिकारक अळी एकदा सगळीकडे पसरली की पाच टक्क्यांनी ती किती हटणार?

आता माझं मत. छोट्या शेतकऱ्याला "तुझ्या पाच एकरांतला एक एकर अळीला दे" म्हणणं आणि त्याचं कारण न सांगणं हा अन्याय होता. फायदा सगळ्या जिल्ह्याचा, आणि झळ एकेकट्याने सोसायची. त्या एकराची भरपाई द्यायला हवी होती, नाहीतर चिनी पद्धतीने बी मिसळूनच द्यायला हवं होतं, २००२ पासूनच. पण त्याहीआधी कारण सांगायला हवं होतं. "पाच ओळी लावा" हा हुकूम आहे. "दुबळी अळी तुझं शेत राखते" हे शिक्षण आहे. हुकूम माळ्यावर जातो. आमच्या शाळांतही आम्ही पुष्कळदा हुकूमच दिले, पाठांतरच करून घेतलं, तेव्हा कृषिखात्याला किंवा कंपन्यांना एकट्यांना बोलण्याचा मला अधिकार नाही. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथली माणसं बोलावली तर येतात, माहिती देतात. माझ्या नोकरीच्या काळात मी मुलांची सहल तिकडे नेली, बाग दाखवली, डबे खाल्ले आणि परत आणली. एकदाही त्यांना एखाद्या कीटकशास्त्रज्ञासमोर बसवलं नाही. निम्मी मुलं शेतकऱ्यांची होती.

आणि दुसरं मत असं की, एकसारखेपणाची आपली हौस जरा आवरली पाहिजे. ब्रिटिशांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाजारात 'उमरा' नावाने ओळखला जायचा, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. त्यात बारीक धाग्याची बनी होती, जाड्याभरड्या धाग्याची जरी होती. माझ्या वडिलांच्या शेतात गावरानी कापूस, मध्ये तुरीचे तास, ज्वारी, मूग असं सगळं असायचं. गावरानी कापसाचा धागा आखूड, भाव कमी, आणि गुलाबी अळी त्यालाही लागायची. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं काही मी म्हणणार नाही. पण तो कमी पाण्यात तग धरायचा, तुडतुडे-मावा त्याला कमी त्रास द्यायचे. एक गेलं तर दुसरं हाताशी असायचं. कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सरळ वाण सांभाळून ठेवले आहेत, सुधारलेही आहेत. ते फक्त विद्यापीठाच्या फार्मवर राहू नयेत. चार तास तरी प्रत्येकाच्या शेतात असावेत.

नात पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी माहेरी गेलो, तिची दुसरी बाटली भरायला. भाऊ आता कापूस दोनच एकर लावतो, बाकी सोयाबीन आणि तूर. बगिच्यात गळलेल्या संत्र्यांजवळ बाटली ठेवून आम्ही बसलो. मी त्याला पाच ओळींचं सगळं सांगितलं, साधी अळी, प्रतिकारक अळी, लग्नं, पोरं, सगळं. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "ताई, हे तवाच सांगतलं असतं तं?"

मी म्हटलं, "तेव्हा मलाच माहीत नव्हतं रे."

"मंग माहीत नाही असं तरी सांगाचं होतं. मी ठेवलं असतं पेरून."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

चिखलदऱ्याची बाटली नात दिवाळीत येऊन भरणार आहे. तिचा निकाल आला की कळवीन. आणि हो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या वर्षांत ते छोटं पाकीट खरंच पेरलं होतं का? आजवर मला एकही माणूस भेटलेला नाही. असेल तर जरूर लिहा, भावाला वाचून दाखवायचं आहे.